जुनी ला पावोनी युरोपिकोला : पहिला कप आंबट, दुसरा छान, तिसरा जळका

युरोपिकोला म्हणजे ला पावोनीचं घरगुती, हाताच्या तरफेनं चालणारं एस्प्रेसो मशीन. जुनी युरोपिकोला विकत घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते. सकाळी मशीन तापवलं की पहिला कप पांचट आणि आंबट उतरतो. दुसरा इतका सुरेख येतो की मशीनवर झालेला सगळा खर्च वसूल झाल्यासारखा वाटतो. आणि घरातलं तिसरं माणूस उठून येईपर्यंत त्याच्या वाट्याला काळपट, जळक्या वासाचं कडू पाणी. मग लोक पूड बदलतात, दळण बारीक करतात, जाड करतात, पूड दाबायचा नवा टॅम्पर मागवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच क्रम. पुडीचा आणि दळणाचा यात फारसा संबंध नाही. बॉयलरच्या पुढे जोडलेलं पितळी डोकं, ज्याला आपण सगळे ग्रुप म्हणतो, ते पहिल्या कपाला गार असतं आणि तिसऱ्या कपाला नको इतकं तापलेलं असतं. पहिल्या कपाचं दुखणं आणि तिसऱ्या कपाचं दुखणं एकाच कुळातलं आहे, पण दोन्हीवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणून दोन्ही सविस्तर लिहिते.

आधी मशीन ओळखून घ्या. युरोपिकोला १९६१ साली बाजारात आली. तिच्या बॉयलरमध्ये साधारण ०.८ लिटर पाणी मावतं. १९७४ साली आलेल्या प्रोफेशनल मॉडेलचा बॉयलर १.६ लिटरचा आहे. २००० सालाच्या सुमारास ग्रुपची रचना बदलली. त्याआधीच्या ग्रुपमधला पिस्टन ४९ मिलिमीटरच्या मापाचा, नंतरचा ५१ मिलिमीटरचा. सील (पाणी अडवणारी लवचीक कडी), बास्केट (पुडीची वाटी), जाळी (पाणी पुडीवर पसरवणारी) सगळं या मापावर ठरतं, त्यामुळे विकणारा काहीही सांगो, व्हर्नियर लावून बास्केटचं माप स्वतः घ्या आणि मगच सुट्या भागांची ऑर्डर द्या. मी इथे मुख्यतः २०००च्या आधीच्या मशीनबद्दल लिहिते आहे. जळकेपणाचा त्रास त्यांना जास्त होतो आणि दुरुस्तीला आपल्याकडे येतात तीही बहुतेक हीच.

हा जळकेपणा एस्प्रेसोच्या इतिहासाइतका जुना आहे. मिलानमध्ये लुइजी बेझेरानं १९०१ साली पेटंटसाठी अर्ज केला, देसिदेरियो पावोनीनं १९०५पासून त्याच तत्त्वावरची मशीन बनवायला सुरुवात केली. त्या उभ्या मशीनमध्ये वाफेचा दाब पाण्याला पुडीतून ढकलायचा. दाब हवा तर पाणी उकळीच्या वर न्यावंच लागायचं, आणि तेवढ्या गरम पाण्यानं कॉफी जळायची. आकिले गाज्जिया या मिलानच्याच माणसानं १९३८ साली वेगळ्या मार्गाचं पेटंट घेतलं आणि १९४८च्या सुमारास त्याची तरफेची मशीन आली. तिथे दाब पिस्टननं द्यायचा, म्हणजे पाणी उकळीच्या खाली ठेवूनही ८-९ बार दाब मिळतो. तरफ आली ती जळकेपणा घालवण्यासाठी. म्हणून युरोपिकोलातून जळकी कॉफी येत असेल तर ‘जुनं मशीन आहे, चालायचंच’ असं म्हणून सोडून देऊ नका. ती दुरुस्त होते.

आता मशीनच्या पोटात काय चालतं ते बघू. चालू स्थितीत बॉयलरमध्ये ०.७ ते ०.८ बार दाब असतो. ०.८ बारला पाण्याचं तापमान सुमारे ११७ अंश सेल्सिअस असतं. कॉफीला पाणी हवं ९० ते ९५ अंशांचं. मधले वीस-पंचवीस अंश कुठे जातात? ग्रुपच्या पितळात. दांडा, म्हणजे मशीनची तरफ, वर उचलला की बॉयलरच्या तळाकडचं पाणी नळीतून ग्रुपमध्ये शिरतं, तुलनेनं गार पितळाला स्पर्श करतं आणि निवतं. म्हणजे या मशीनमध्ये पाणी योग्य तापमानाला आणण्याचं काम ग्रुप करतो, आणि त्या कामात तो स्वतः तापत जातो. दोन कपांनंतर त्याची निववण्याची ताकद संपते. मग ११७ अंशांचं पाणी जवळजवळ तसंच पुडीवर पडतं, जाळीखाली त्याची वाफ होते आणि पूड पोळते. शिवाय ग्रुप बॉयलरला थेट बोल्टनं आवळलेला आहे. तुम्ही एकही कप काढला नाही तरी बॉयलरची उष्णता पितळातून पुढे सरकत राहते.

एवढं कळलं की पहिली गोष्ट करायची ती मोजमाप. हात लावून ‘बराच तापलाय’ म्हणण्याला अर्थ नाही, कारण ८० अंश आणि १०० अंश दोन्ही बोटांना सारखेच चटका देतात. ग्रुपच्या बाजूला चिकटवायची तापमानपट्टी मिळते, ती लावा. घेताना एवढं बघा की तापमान उतरल्यावर तिचा रंग परत जातो का. औद्योगिक दुकानांत मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्या एकदा काळ्या पडल्या की तशाच राहतात, त्या आपल्या कामाच्या नाहीत. पट्टी नाही मिळाली तर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असलेला मल्टिमीटर चालतो. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. थर्मोकपलचं टोक उष्णता सहन करणाऱ्या पिवळ्या कॅप्टॉन टेपनं ग्रुपवर घट्ट बसवा. लेझरवाली इन्फ्रारेड बंदूक मात्र वापरू नका. चकाकत्या क्रोमवर ती सर्रास कमी आकडा दाखवते, आणि जिथे ग्रुप ९५ला पोचलाय तिथे तुम्ही साठ-सत्तर वाचून निर्धास्त राहता. बंदूकच वापरायची असेल तर ग्रुपवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखा.

माझ्याकडच्या मशीनवर बाहेरून ८० ते ८५ अंश दिसत असताना दांडा उचलला तर कप मनासारखा येतो. मध्यम भाजलेल्या चिकमगळूर अरेबिकाला ८५ची बाजू बरी, गडद भाजणीला ८०ची. ९०च्या पुढे कडवटपणा डोकं वर काढतो आणि ९५ला जळका वास लपत नाही. तुमच्या मशीनवर पट्टी कुठे लावली त्याप्रमाणे आकडे चार-पाच अंशांनी इकडेतिकडे होतील. चव चांगली लागलेल्या कपाचा आकडा पट्टीशेजारी पेन्सिलीनं खूण करून ठेवा, तोच तुमचा आकडा. आणि ही परीक्षा चिकोरी मिसळलेल्या पुडीवर करू नका. चिकोरीचा स्वतःचा कडूपणा असतो, तो आणि जळकेपणा वेगळा ओळखणं अवघड जातं.

पहिला आंबट कप आधी सोडवू, कारण तो सोपा आहे. मशीन गार असताना बॉयलरमध्ये पाण्याच्या वर हवा कोंडलेली असते. तापवायला लागलं की ती हवाही फुगते आणि तिचा दाब वाफेच्या दाबात मिसळतो. प्रेशरस्टॅटला, म्हणजे दाबावर चालणाऱ्या स्विचला, हवा कुठली आणि वाफ कुठली हे कळत नाही, एकूण ०.८ बार झाले की तो पाणी तापवणारा एलिमेंट बंद करतो. गणित करून बघा. मुंबईच्या २५ अंशांच्या सकाळी १ बारच्या हवेवर टोपण घट्ट लावलं आणि हवा अजिबात बाहेर पडू दिली नाही, तर दाब दाखवणाऱ्या गेजवर ०.८ बार दिसेल तेव्हा पाणी जेमतेम ८६ अंशांचं असतं. म्हणजे ११७च्या जागी ८६. त्यातून ग्रुपही गार. आंबट येणार नाही तर काय होणार?

उपाय वाफेच्या नळीत आहे. दिवा विझला, म्हणजे मशीननं ‘तापले’ असं सांगितलं, की वाफेची तोटी हळूच उघडा. आधी फुसफुसत हवा आणि पाण्याचे थेंब येतील, मग सलग कोरडी वाफ. तशी वाफ आली की तोटी बंद करा आणि दाब पुन्हा चढू द्या. आता गेजवरचा ०.८ खरा ०.८ आहे. त्यानंतर दांडा अर्धा उचलून थोडं गरम पाणी कपात सोडा. त्यानं ग्रुप तापतो आणि कपही. पट्टीवर तुमच्या खुणेच्या जरा खालचा आकडा आला की थांबा. पहिल्या कपाचा प्रश्न इथे संपतो.

आता तिसरा कप. इथे कारणं अनेक आहेत आणि ती ज्या क्रमानं तपासायची तो क्रम महत्त्वाचा आहे. मशीन उघडण्याआधी वापरायच्या सवयी बघाव्या लागतात.

आधुनिक पंपाच्या मशीनवरून आलेल्या माणसाला एक सवय जडलेली असते : ग्रुप फार तापला की थोडं पाणी वाहू द्यायचं, म्हणजे तो निवतो. त्यांतल्या अनेक मशीनमध्ये ते बरोबर आहे. युरोपिकोलामध्ये मात्र नेमकं उलट होतं. इथे येणारा प्रत्येक थेंब ११७ अंशांच्या बॉयलरमधला आहे, म्हणून पाणी सोडलं की ग्रुप आणखी तापतो. दोन कपांच्या मध्ये ‘जाळी धुवायला’ म्हणून दांडा उचलणारे लोक तिसऱ्या कपाची वाट स्वतःच लावतात. जाळी ओल्या फडक्यानं पुसा, दांडा उचलू नका.

दुसरी सवय मशीन चालू ठेवण्याची. कॅफेतली मोठी मशीन दिवसभर चालू असतात, म्हणून घरीही कॉफीच्या अर्धा-पाऊण तास आधी बटण दाबलं जातं. युरोपिकोला लहान आहे, दहाएक मिनिटांत दाब चढतो. आल्याआल्या कॉफी काढा आणि बंद करा. ज्या जुन्या मॉडेलना प्रेशरस्टॅटच नाही, फक्त कमी आणि जास्त ताकदीचं बटण आहे, त्यांच्याबाबत तर हे अधिकच खरं. सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायला लागला की लगेच कमीवर आणायचं असतं. ते राहिलं तर दाब वरच राहतो आणि ग्रुप पहिल्या कपाआधीच शंभरीकडे निघतो.

चार पाहुणे आलेत आणि चार कप काढायचेच आहेत, तर काय? पोर्टाफिल्टर (पुडीची वाटी धरणारा मुठीचा भाग) गार पाण्यात बुडवून, पुसून ग्रुपला लावा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या. तो जड पितळेचा असतो, भरपूर उष्णता ओढून घेतो, पट्टीवरचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो. मग काढून, पुन्हा गार करून, सुका पुसून पूड भरा. ग्रुपभोवती ओलं फडकं गुंडाळलं तरी चालतं, फक्त पाणी बुडाच्या विजेच्या भागाकडे ओघळू देऊ नका. आणि दर दोन कपांनंतर बटण बंद करून दाब थोडा उतरू द्या.

एवढं करूनही दुसऱ्याच कपाला ९५ दिसत असेल तर मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे. मागे नाशिकच्या एका काकांनी त्यांची १९८०च्या दशकातली युरोपिकोला माझ्याकडे आणली होती. जावई इटलीहून येताना घेऊन आला होता, आणि इथे एका दुकानातून ‘पूर्ण रिस्टोअर’ करून घेतली होती. काका म्हणाले, “ताई, क्रोम बघा कसं आरशासारखं झालंय. पण कॉफी दुसऱ्या कपालाच जळते. पूर्वी असं नव्हतं म्हणतो जावई.” मशीन खरोखर देखणं दिसत होतं. चालू केलं आणि पट्टी लावून नुसतं बघत बसलो, दांड्याला हातही लावला नाही. दाब चढल्यापासून काही मिनिटांत ग्रुप नव्वदीच्या पुढे गेला. जाळीच्या मधोमध एक थेंब फुगत होता, लोंबत होता, पडत होता, आणि लगेच पुढचा तयार. दांडा पूर्ण खाली असताना थेंब पडतोय याचा अर्थ बॉयलरचं पाणी पिस्टनला ओलांडून सतत खाली येतंय आणि वाटेत ग्रुप तापवतंय.

मशीन पूर्ण गार झाल्यावर उघडलं. (हे दर वेळी लक्षात ठेवा : प्लग काढलेला, वाफेची तोटी उघडून दाब शून्य झालेला, मगच पान्हा. दाब असताना टोपण फिरवू नका.) दांड्याच्या पिना धरून ठेवणारी सर्क्लिप काढली, काटा सोडवला. पिस्टनच्या दांडीवर लॉकनट कुठल्या आट्यावर आहे तिथे मार्करनं खूण केली, कारण परत जोडताना तो चुकला तर पिस्टनची चाल कमी-जास्त होते. दांडी खाली दाबली की जाळी सुटून बाहेर येते आणि मागोमाग पिस्टन. सील नवीकोरी होती. पण वरची उलटी बसवलेली.

इथे जरा थांबते, कारण नव्या सील टाकूनही गळती जात नाही या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. पिस्टनवर दोन सील असतात. प्रत्येकीला एका बाजूनं पन्हळीसारखी गोल खाच असते, दुसरी बाजू सपाट. ज्या बाजूनं दाब येतो त्या बाजूला खाच हवी. पाण्याचा दाब खाचेत शिरतो, कड बाहेर ढकलतो आणि सील भिंतीला घट्ट बसते. दांडा खाली असताना पिस्टनच्या वरच्या जागेत बॉयलरचा दाब असतो, म्हणून वरच्या सीलची खाच वर. कॉफी दाबताना पिस्टनच्या खाली ८-९ बार असतात, म्हणून खालच्या सीलची खाच खाली. दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या पाहिजेत. वरची उलटी असेल तर दाब तिला भिंतीपासून आत ओढतो आणि पाणी गळतं. खालची उलटी असेल तर जाळीतून थेंब पडत नाही, पण दांडा लोण्यात गेल्यासारखा खाली जातो आणि कपात जेमतेम काही उतरतं.

सील बसवण्याआधी ती गरम पाण्यात थोडा वेळ टाकून मऊ करा. स्क्रू ड्रायव्हरनं ताणू नका, लाकडी चमच्याची दांडी घ्या. खोबणीतला जुना क्षार टूथब्रशनं काढा, नाहीतर नवी सील एका बाजूनं उचललेली राहते. आत सिलिंडरच्या भिंतीतली पाणी येण्याची भोकं बोटानं चाचपून बघा. कडा खरखरीत लागल्या तर पिस्टन वर-खाली होताना सीलची नाजूक कड तिथे कापली जाते. जुनी सील भिंगाखाली धरली तर कडेवर बारीक अर्धचंद्राकृती चिरा दिसतात, त्या याच. हजाराच्या वरचा पाणपोलिश पेपर, पाण्यात भिजवून, बोटाला गुंडाळून, हलक्या हातानं. ड्रिलला लावून कधीही नाही. आणि वंगण म्हणून फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीसच लावा. घरातली पेट्रोलियम जेली काही रबरांना फुगवते. सील स्वतःच सिलिकॉनची असेल तर मात्र तिला सिलिकॉन ग्रीसही नको, तीही फुगते.

पिस्टनच्या दांडीभोवती वरच्या बाजूला आणखी एक लहान सील असते. ग्रुपच्या डोक्यावरून, दांडीच्या बाजूनं पाणी किंवा वाफ येत असेल तर ती गेली असं समजा. जाळीतून गळती असेल तर पिस्टनची वरची सील, डोक्यावरून असेल तर दांडीची. एवढं लक्षात ठेवलं तर निम्म्या वेळा मशीन पूर्ण खोलावं लागत नाही.

काकांच्या मशीनमध्ये अजून एक गोष्ट निघाली. ग्रुप आणि बॉयलर यांच्या मधलं गास्केट पातळ कागदी होतं, गाडीच्या इंजिनाला कापून लावतात तसलं. गळत नव्हतं, पण उष्णता सरळ पलीकडे जात होती. या सांध्याला जाडसर टेफ्लॉनचं गास्केट बसवलं की उष्णता अडते आणि ग्रुप सावकाश तापतो. जळकेपणावर मला माहीत असलेला हा सगळ्यात गुणकारी बदल आहे, आणि सगळ्यात स्वस्तही. इटलीहून मागवता येतं. नाहीतर मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात बोहरी आळीत टेफ्लॉनची शीट मिळते. जुन्या गास्केटवरून आकार गिरवून कापता येतो. बोल्टची भोकं आणि पाण्याचं मधलं भोक अचूक जुळलं पाहिजे. टेफ्लॉन उष्णतेत आणि दाबाखाली किंचित पसरतं, त्यामुळे पहिल्यांदा तापवून, पूर्ण गार करून, बोल्ट पुन्हा एकदा समान आवळावे लागतात. हे केलं नाही तर आठवडाभरात सांध्यातून वाफ येते आणि लोक टेफ्लॉनला दोष देतात. ग्रुप काढलेलाच आहे तर त्यामागची पाणी ओढणारी नळी बॉयलरच्या तळाकडे वळलेली आहे ना तेही बघून घ्या. ती वर राहिली तर पाण्याऐवजी वाफ येते.

जुनं गास्केट राखाडी, तंतुमय असेल तर सावध राहा. त्या काळात ॲस्बेस्टॉस सर्रास वापरलं जाई. कोरडं खरवडू नका, घासू नका. पाण्यानं चिंब भिजवून, प्लास्टिकच्या पट्टीनं काढून, पिशवीत बंद करून टाका. तोंडाला मास्क असू द्या.

तिसरं कारण, दाबच जास्त असणं. विकणाऱ्यानं ‘फेस छान येतो’ म्हणून प्रेशरस्टॅट चढवलेला असतो. १ बारला पाणी १२० अंशांचं होतं, १.५ बारला १२७ अंशांचं. वाफ जोरात येते हे खरं, पण ग्रुप तितक्याच जोरात तापतो. काचेच्या पाणीपातळीच्या नळीच्या वर बसणारा जोड मिळतो, त्यावर लहान प्रेशर गेज लावता येतो. तो बसवल्याशिवाय प्रेशरस्टॅटच्या स्क्रूला हात लावू नका. स्क्रू पाव आट्यानं फिरवा, मशीन तापवा, हवा काढा, गेज बघा, मग पुढचा पाव आटा. कुठल्या दिशेला फिरवलं की दाब उतरतो हे प्रेशरस्टॅटच्या बनावटीवर आहे, गेजच सांगेल. फिरवताना प्लग काढलेला हवाच, तिथल्या टोकांना २३० व्होल्ट असतात. फक्त एस्प्रेसो पिणाऱ्यांनी ०.७वर ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून तो आवळून किंवा बुजवून टाकलेलं मशीन आलं तर आधी तो व्हॉल्व्ह बदला, बाकी सगळं नंतर.

विजेचं एक. बराच काळ पडून असलेलं मशीन लावल्याबरोबर घरातला आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. एलिमेंट गेला असं समजून लोक नवा मागवतात. अनेकदा आतल्या भुकटीनं दमट हवा शोषलेली असते, पावसाळ्यात कोकणपट्टीत तर हमखास. एलिमेंट काढून ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवला की बरेचदा तो परत चालतो. तरीही आरसीसीबी पडत असेल तर एलिमेंट खरंच गेला. आरसीसीबीला वळसा घालून मशीन चालवायचं नाही, अर्थिंगशिवायही नाही. पूर्ण धातूचं मशीन आहे, आत पाणी आहे, आणि आपला ओला हात दांड्यावर असतो.

क्षार काढायला लिंबूसत्व पुरतं. पण जुन्या क्रोमच्या भागांना रात्रभर भिजत ठेवू नका. क्रोम जिथे उडालेलं असतं तिथून ॲसिड खाली शिरतं आणि पापुद्रे निघतात. कोमट पाणी, थोडं लिंबूसत्व, अधूनमधून बघत राहायचं आणि भरपूर धुवायचं. बोअरवेलचं पाणी बॉयलरमध्ये घालणारच असाल तर हे काम वारंवार करावं लागेल.

आता हौसेचे बदल. मूठ आणि दांड्याचा गोळा सागवान किंवा शिसमात करून घेणं हा लोकांचा पहिला बदल असतो, आणि तो छान दिसतो. खरादीवाल्याला जुना गोळा नमुना म्हणून द्या, आतल्या आट्यासाठी पितळी इन्सर्ट बसवायला सांगा. लाकडातच आटा पाडला तर तो फार काळ टिकत नाही. ४९ मिलिमीटर पिस्टनवर ९ बार म्हणजे सुमारे १७० किलोचा भार. तरफेमुळे आपल्या हाताला त्यातला थोडासाच जाणवतो, तरी तेवढ्यानंही गोळा हातात सुटून येऊ शकतो आणि खाली गरम पाणी असतं.

त्याहून उपयोगी बदल म्हणजे ग्रुपला बाहेरून ॲल्युमिनिअमची पंखेदार कडी बसवणं. विकत मिळते, किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घेता येते. आतला व्यास ग्रुपला अगदी नेमका बसला पाहिजे, मध्ये कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावतात ती थर्मल पेस्ट लावायची. कडीनं तिसरा आणि बहुतेकदा चौथाही कप सांभाळला जातो. त्या बदल्यात पहिल्या कपाआधी ग्रुप तापवायला जास्त पाणी सोडावं लागतं. एकट्यासाठी एकच कप काढणाऱ्यानं ही कडी लावू नये, त्याचा आंबटपणा वाढेल. टेफ्लॉन गास्केट आणि कडी दोन्ही एकाच दिवशी बसवू नका. आधी गास्केट, मग काही दिवस पट्टीचे आकडे बघा, गरज वाटली तरच कडी.

क्रोम पार उडालेलं असेल तर ते काढून खालचं पितळ तसंच उघडं ठेवायची पद्धत आहे. बफिंगवाल्याला देताना फक्त बाहेरचे भाग द्या. ग्रुप द्यायचाच असेल तर सिलिंडरच्या आत चिंधी ठासून, टेप लावून आणि समोर उभं राहून करून घ्या. सिलिंडरची भिंत एकदा घासली गेली की व्यास वाढतो आणि मग कुठलीही सील तिथे पाणी धरत नाही.

नव्या, सरळ बसवलेल्या सील, टेफ्लॉन गास्केट, ०.७ बार दाब, आणि तरीही दांडा खाली असताना जाळीतून थेंब पडत असेल, तर आता बघायची जागा तीच भिंत. पिस्टन काढून, आत टॉर्च मारून सिलिंडर हळूहळू फिरवा. उभा ओरखडा असेल तर प्रकाशाची रेघ त्या जागी तुटते. नखाला न लागणारा ओरखडा पाणपोलिश पेपरनं सांभाळता येतो. नखाला अडकणारा असेल तर त्यावर वेळ घालवू नका, जुन्या मशीनमधून निघालेला ग्रुप शोधा. २००० नंतरच्या मशीनमध्ये पिस्टन वेगळ्या, काढता येणाऱ्या बाहीत चालतो, तिथे नुसती बाही बदलली की काम होतं.